विमलाक्काची शिकवणी

विमलाक्का कुणाच्याही घरात शिरली की आधी पाणी मागायची नाही, फाईल मागायची. कवठे महांकाळ तालुक्यात घराघरात दवाखान्याची एक तरी फाईल असते, कपाटावर नाहीतर गादीखाली ठेवलेली. ती मांडीवर घेऊन आक्का सोनोग्राफीचा कागद शोधायची, कपाळावरचा चष्मा खाली ओढायची आणि एकेका ओळीवर बोट ठेवून इंग्रजी वाचायची. शाळा सातवीपर्यंतची. पण गर्भाशयाची लांबी, रुंदी, जाडी, आतलं अस्तर, डावं अंडाशय, उजवं अंडाशय, एवढं इंग्रजी तिला पाठ होतं. नवख्या माणसाला वाटायचं, बाई नर्स असेल. ती नर्स नव्हती, नर्स मी होते. तिला हे वाचायला मीच शिकवलं, पण ते पुण्यकर्म म्हणून नव्हे. ती मला झालेली शिक्षा होती.

दिसायला ती उंच, हाडकुळी आणि चाळिशीतच खांद्यात वाकलेली. भर जानेवारीत तिचा चेहरा एकाएकी लाल व्हायचा, कानशिलावरून घाम निथळायचा आणि ती हातातल्या फाईलनंच वारा घेत बसायची. समोरच्या बाईनं विचारलं की आक्का, बरं वाटत नाही का, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "बरं हाय की. सव्विसाव्या वर्षी म्हातारी झालो, त्याला आता काय करायचं." मी मूळची वाईची. आमच्याकडं बाई ‘झाले’ म्हणते. ती तिकडच्या बायकांसारखी ‘आलो, गेलो, झालो’ बोलायची आणि तिच्या तोंडी ते शोभायचं.

तिला म्हातारी केली त्या माणसाच्या दवाखान्यात मी नोकरीला होते. तेवीस-चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत नर्सिंगचा कोर्स संपवून मी तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात लागले, तेही थेट ऑपरेशन थिएटरला. डॉक्टरचं नाव इथं लिहीत नाही. दया येते म्हणून नव्हे, माझा भाचा वकील आहे आणि त्यानं माझ्यापुढं हात जोडलेत म्हणून. गाव त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचं. विमलाक्का पुढं ‘पिशवीवाला’ म्हणायला लागली आणि मीही तेच म्हणेन. अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरतेय, पाळीला जास्त जातंय, बाई कशासाठीही येवो, हा माणूस एकच सांगायचा: पिशवी खराब झालीय, मुलं झालीत ना, मग ठेवून करायचीय काय, पुढं कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटलं की सासू मान डोलवायची आणि नवरा पैशाच्या जुळवाजुळवीला लागायचा. आठवड्याच्या आत बाई टेबलावर असायची.

त्या थिएटरच्या कपाटात एक काचेची बरणी होती, लोणच्याच्या बरणीएवढी. तिच्यात औषधी पाण्यात ठेवलेलं कुणा एका बाईचं गर्भाशय होतं, नारळाएवढं फुगलेलं आणि गाठींनी भरलेलं. ते खरोखर काढण्याजोगं होतं आणि काढल्यामुळं ती बाई वाचलीही होती. पण पिशवीवाल्यानं ते फेकलं नाही, जपून ठेवलं. आमच्याकडं रीत अशी की ऑपरेशन झालं की काढलेला भाग नातेवाइकांना दाखवायचा. दाखवल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. तर हा माणूस टेबलावरच्या बाईचं गर्भाशय बादलीत टाकायचा आणि मला खूण करायचा. मी बरणीतलं बाहेर काढायचं, धुवायचं, स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायचं, त्यावर थोडं ताजं रक्त फिरवायचं आणि दारात नेऊन धरायचं. मागून डॉक्टरसाहेब यायचे आणि म्हणायचे, बघा, वेळेवर आणलंत.

हे मी दीड वर्ष केलं. पहिल्या खेपेला मी घरी जाऊन जेवले नाही, दुसऱ्या खेपेपासून जेवायला लागले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मी स्वतःला सोडून त्याला धरायला बसले तर आक्का मला कधी माफ करायची नाही.

विमल टेबलावर आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दोन मुलं झालेली, धाकटं चार वर्षांचं. तक्रार एवढीच, की मधूनमधून पांढरं जातंय आणि कंबर दुखतेय. तिचं गर्भाशय मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मुठीएवढं, गुलाबी, गुळगुळीत. दोन्ही अंडाशयं बदामासारखी, ठणठणीत. पिशवीवाल्यानं तीही काढली. राहिली तर उद्या त्यांचा त्रास, म्हणाला. तिचा नवरा फौजेत हवालदार होता, रजा काढून आला होता. मी ट्रे पुढं धरला तेव्हा त्यानं वाकून नीट पाहिलं, एकेक गाठ पाहिली. मग सरळ उभा राहिला आणि डॉक्टरसाहेबांना कडक सॅल्यूट ठोकला. नंतर माझ्याकडं वळून मलाही ठोकला.

पुढं माझं लग्न झालं, मी सांगलीला आले, मोठ्या दवाखान्यात लागले. आठ-नऊ वर्षं गेली. एका रविवारी सकाळी दारात एक बाई उभी. मी ओळखलं नाही. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ट्रे धरनारी शिष्टर तूच न्हवं?"

झालं होतं ते असं. गावात तपासणीचं शिबिर झालं. हाडं दुखतात म्हणून विमल तिथं गेली, सोबत जुनी फाईल. शिबिरातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनआधीची सोनोग्राफी पाहिली आणि विचारलं, हे काढायला कुणी सांगितलं? यात तर सगळं ठीक आहे. विमल म्हणाली, असं कसं, माझ्या नवऱ्यानं नारळाएवढ्या गाठी डोळ्यांनी बघितल्यात. डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या मापांवर बोट ठेवलं आणि फाईल परत दिली. त्याचा अर्थ विमलला घरी जाईपर्यंत समजला आणि दुसऱ्या दिवसापासून ती ट्रे धरणारी बाई शोधायला लागली.

स्वयंपाकघरात आल्यावर तिनं सरळ विचारलं, "माझ्या मालकाला दावलंस, ते माझं हुतं का?" मी म्हणाले, इतकी वर्षं झाली, मला कसं आठवणार. ती म्हणाली, बरं, आठवंपतोर बसतो. आणि खरंच गॅसच्या ओट्यापाशी फरशीवर मांडी घालून बसली. माझा कुकर झाला, भाजी झाली, नवरा जेवून बाहेर गेला, ती बसूनच. शेवटी मी तिच्यासमोर खाली बसले आणि बरणीसकट सगळं सांगितलं. तिनं संपल्यावर एवढंच विचारलं, "मग माझं कुटं गेलं?"

"बादलीत," मी म्हणाले.

तिचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता ही मला मारणार, आणि मारलं असतं तर मी सुटले असते. पण तिनं पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "आत काय काय आसतंय ते समदं शिकीव मला. त्यानं माझं काय काय नेलं ते तरी कळाय पायजे. आनि एक दिवस माझ्या मालकासमोर, चार लोकांत, हे आत्ता सांगितलंस तसं सांगायचं. कवा ते तू ठरीव. पर सांगायचं." मी हो म्हणाले. हो म्हणायला माझं काय जात होतं.

पुढचं अर्धं वर्ष ती दर रविवारी एसटीनं सांगलीला यायची. माझ्याकडं बाईच्या पोटाचा जुना तक्ता होता तो भिंतीला लावला, पण तक्त्यावरून तिला काही पटेना. मग मी पेरू उलटा धरला, देठाची बाजू खाली. हे गर्भाशय, म्हणाले. पुढं लघवीची पिशवी, मागं शौचाची जागा, मध्ये हे, मुठीएवढं. दोन बाजूंना दोन बदाम ठेवले, ती अंडाशयं. नळ्यांच्या टोकाला झालर असते आणि महिन्याला सुटलेलं बीज ती झालर अलगद आत ओढून घेते. पिशवी म्हणतात खरं, पण ते रिकामं कापड नाही, जाड मांस आहे, कळा देणारं. यावर तिनं पोटावर हात ठेवला. "म्हंजे माझी दोन्ही पोरं हिनंच भाईर ढकलली व्हय. आनि आमी म्हनायचो सुईनीनं काडली."

ती ऐकायची आणि लगेच आपल्या भाषेत करून घ्यायची. दर महिन्याला आतलं अस्तर कसं वाढतं आणि गर्भ राहिला नाही तर कसं गळून जातं, हे मी पाऊण तास सांगितलं. ती म्हणाली, "पावन्यासाटी हातरून घालायचं आनि पावना आला न्हाई की गुंडाळून टाकायचं. एवडंच न्हवं?" एवढंच होतं. मी नर्सिंगच्या मुलींना आजही तेच वाक्य सांगते.

एका रविवारी पांढऱ्या पाण्याची गोष्ट निघाली. मी सांगितलं की दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, बीज सुटतं तेव्हा, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं जाणं हे अंग नीट चालल्याचं लक्षण आहे. वास आला, खाज आली तर जंतू झालेत, त्याला आठवडाभर गोळ्या पुरतात. तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "म्हंजे मी ज्याच्यासाटी दवाखान्यात गेलो, ते दुखनंच न्हवतं." मी उठून चहा ठेवला. आजही त्या चहाची मला लाज वाटते.

अंडाशयांचा धडा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. बाईची हाडं, झोप, काळीज, कातडी, सगळ्याला अंडाशयातल्या रसाचा आधार असतो, आणि तो विशीत काढला की पन्नाशीतलं सगळं एका रात्रीत येतं, हे तिला सांगावं लागलं. मग मी आणखी एक सांगितलं, ते सांगायला नको होतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या जन्मभराची बीजं तिच्यात तयार असतात, नवीन होत नाहीत. विमलाक्कानं ताटलीतल्या त्या दोन बदामांवर बोट ठेवलं. "म्हंजे आयनं बांदून दिलेली शिदोरी हुती ही. आनि त्यानं बादलीत टाकली." मग तिनं तो पेरू उचलला, माझ्याकडं मीठ मागितलं आणि सबंध खाऊन टाकला. त्या दिवसानंतर ती शिकायला आली नाही. तिचं शिकून झालं होतं.

कोर्टात जायचा विचार तिनं केला. वकिलानं सांगितलं की मुदत गेली, आणि दवाखान्यानं सांगितलं की जुने कागद वाळवीनं खाल्ले. घरी येऊन ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याचं टेबल रिकामं करतो." आणि हा तिचा धंदा झाला. गावात आशा सेविका म्हणून ती लागली ती त्यासाठीच. घराघरात शिरायला कारण मिळालं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं अंगणात मोठी रांगोळी काढली. बायका आल्या आणि एकीनं विचारलं, "आक्का, बेंदराचा बैल आत्ताच काडलास व्हय गं?" बेंदूर म्हणजे बैलांचा सण, तो येतो पावसाळ्यात. तिला बैल दिसला, कारण गर्भाशय आणि दोन बाजूंच्या नळ्या समोरून पाहिल्या तर शिंगं पसरलेल्या बैलाच्या तोंडासारख्याच दिसतात. आक्का म्हणाली, "तुजाच बैल हाय, ओळकंना व्हय? जल्माला आल्यापासनं पोटात घिऊन हिंडतीस." त्या वर्षी तिनं वाण म्हणून वाट्या लुटल्या नाहीत. त्याच चित्राची एकेक झेरॉक्स दिली, मागं तीन प्रश्न लिहिलेली. आधी किती महिने गोळ्या देणार. सोनोग्राफी दुसरीकडं कुठं करून आणू. आणि अंडाशयं ठेवणार का नाही.

पण तिचं खरं ठिकाण म्हणजे पिशवीवाल्याच्या दवाखान्यातला बाक. बाजाराच्या दिवशी ती तिथं केसपेपर काढून बसायची. कंपाउंडर म्हणाला, तुम्ही पेशंट नाही, उठा. ती म्हणाली, "पेशंट न्हाई कशी, तुमचीच हाय. हाडं दुकत्यात, साहेबांस्नी म्हनावं तपासा." उठवायची कुणाची हिंमत झाली नाही. शेजारी बसलेल्या बाईची फाईल ती हळूच मांडीवर घ्यायची आणि शिकवणी सुरू. दोन तासांत बाक निम्मा रिकामा व्हायचा. एकदा पिशवीवाला स्वतः बाहेर आला आणि एका पोरसवदा बाईला दरडावून म्हणाला, हे प्रश्न विचारायला तू काय डॉक्टर आहेस? ती बिचारी फाईल छातीशी धरून म्हणाली, "न्हाई साहेब, पर आंग माजं हाय." ही हकिकत आक्कानं मला फोनवर तीनदा सांगितली आणि तीनही वेळा ती हसली. तिचं हसणं चांगलं नव्हतं. वैरी घसरून पडल्यावर माणूस हसतो तसलं होतं, आणि मीही फोनच्या या टोकाला तसंच हसले.

सगळी ऑपरेशनं वाईट असं मात्र ती कधी म्हणाली नाही. तिच्या वाडीतली एक म्हातारी, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, तिला पुन्हा रक्त दिसलं. लोक म्हणाले, आता आक्का अडवणार. आक्कानं तिला दुसऱ्या दिवशी एसटीत घातलं आणि सांगलीला माझ्याकडं आणलं. कॅन्सरच होता, पण सुरुवातीचा. ऑपरेशन झालं आणि आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी काढलेला भाग दाखवायला बाहेर आणला, तेव्हा म्हातारीच्या लेकाच्या मागून आक्का पुढं सरकली. तिनं खरं गर्भाशय जन्मात पहिल्यांदा पाहिलं. केवढंसं होतं ते. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग माझ्या कानाशी म्हणाली, "माझं याच्यापेक्षा चांगलं हुतं न्हवं?" मी मान डोलावली.

एका माणसाला मात्र तिला कधी पटवता आलं नाही, तिच्या नवऱ्याला. मी त्यांना दाजी म्हणते. फौजेतून निवृत्त होऊन ते गावी आले होते. माणूस सरळ. रोज संध्याकाळी तिच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायचे. पण बरणीची गोष्ट काढली की त्यांचं एकच: "मी माझ्या डोळ्यानं बगितलंय." डॉक्टर खोटा निघाला तर ते स्वतःही गुन्हेगार ठरत होते, कारण त्या गाठींचं वर्णन त्यांनी पारावर बसून गावाला ऐकवलं होतं. त्यांच्या शब्दावर भावकीतल्या पाच बायका त्याच टेबलावर गेल्या होत्या. आक्का चिडली की म्हणायचे, "ती शिष्टर काय म्हनती ते शिष्टरनं माझ्या तोंडावर म्हनावं. मग मानतो." म्हणजे सगळं माझ्यावर येऊन थांबलं होतं. एसटीनं दोन तासांचं अंतर, आणि चार वाक्यं.

मी गेले नाही. आधी वाटलं, माझंच नर्सचं रजिस्ट्रेशन जाईल. मग मुलीची दहावी आली, मग नवऱ्याची बदली, मग सासऱ्यांचं आजारपण. दर वर्षी मी तिला नवं कारण द्यायचे आणि दर वर्षी ती म्हणायची, "थांबतो की. मला कुटं पाळी चुकायची हाय." असं म्हणून हसायची. तिच्या सूडाच्या यादीत माझंही नाव होतं आणि ते तिनं कधी खोडलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

गेल्या वर्षी परसात धुण्याच्या दगडापाशी ती घसरली. पडणं साधंच होतं, लेकरू पडून उठून पळालं असतं. तिचा खुबा मोडला. सांगलीला माझ्याच वॉर्डात आणली. एक्स-रे बघून आमच्या तरुण डॉक्टरनं तिचं वय दोनदा विचारलं. अठ्ठेचाळीस सांगितल्यावर म्हणाला, हाडं तर ऐंशीच्या म्हातारीची दिसतात. पलंगावरून आक्का म्हणाली, "बरूबर वळाकलंस बाबा." ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी ती उशाला टेकून बसली आणि माझा हात धरला. तेव्हा मात्र ती हसली नाही. "शिष्टर, मी मेल्यावर तरी सांग. न्हाईतर वर आलीस की तुला बगून घेतो." मी म्हणाले, असलं बोलू नकोस, पुढच्या महिन्यात येते. सहाव्या दिवशी दुपारी पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली आणि दहा मिनिटांत ती संपली.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला मी गावी गेले. ओढ्याकाठी शे-दीडशे माणूस होतं आणि निम्म्याहून जास्त बायका. आमच्या भागात रक्षाविसर्जनाला भाषणं होतात, पुढारी येतात, हे काही नवं नाही. पण पांढऱ्या गाडीतून पांढऱ्या कपड्यांत पिशवीवाला उतरला तेव्हा मला वाटलं, मी चुकीचं बघतेय. त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं. ओपीडी खोळंबलीय म्हणून अस्थी सावडायच्या आधीच त्याला बोलायला दिलं. तो म्हणाला, विमलताईंचे आणि आमचे मतभेद होते, पण मरणाबरोबर वैर संपतं अशी आपली संस्कृती आहे. ताई माझ्या जुन्या पेशंट, मीच त्यांना एका मोठ्या आजारातून वाचवलं होतं, त्यांचे यजमान इथं साक्षीला आहेत. असं म्हणून त्यानं दाजींकडं हात केला. दाजींनी खाली मान घातली.

मी उठले. बायकांच्या मधून वाट काढत पुढं गेले. मी म्हणाले, दाजी, बावीस वर्षांपूर्वी तुमच्यासमोर ट्रे धरणारी मी. त्यात होतं ते आक्काचं नव्हतं. ते बरणीतलं होतं, दुसऱ्याच बाईचं, आणि प्रत्येकाला तेच दाखवायचो. आक्काचं चांगलं होतं. चांगलं असून काढलं आणि बादलीत टाकलं. अंडाशयंही चांगली होती, ती काढली म्हणून तिची हाडं गेली आणि हाडं गेली म्हणून ती गेली. मग मी भावकीतल्या त्या पाच बायकांची नावं घेतली आणि म्हणाले, तुमच्यातल्या तिघींच्या वेळीही ट्रे मीच धरला होता.

पिशवीवाला म्हणाला, या सिस्टरांना दुःखाच्या भरात काही सुचत नाहीये. बावीस वर्षांनी आठवलं का? मी म्हणाले, आठवत रोज होतं, बोलायला बावीस वर्षं लागली. त्यानं गाडीकडं पाहिलं. पण गाडीकडच्या वाटेवर बायका बसल्या होत्या आणि एकही बाई उठली नाही.

दाजी माझ्याजवळ आले. "ते तिचं न्हवतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"नव्हतं, दाजी."

मग सॅल्यूट ठोकताना उभे राहिले होते तसे ताठ होऊन ते पिशवीवाल्यासमोर गेले. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, चप्पल काडा. सावडायचं ऱ्हायलंय. तुमी काडलंत, आता तुमीच गोळा करा."

भावकीतला एक म्हातारा कुरकुरला, की परक्याचा हात लावत नाहीत, लेकांचा मान असतो. आक्काचा थोरला लेक म्हणाला, मी दिला माझा मान. पिशवीवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं. शे-दीडशे माणसांत त्याच्या बाजूनं उठायला एकटा ड्रायव्हर होता, तोही गाडीपाशीच थांबला. शेवटी त्यानं चप्पल काढली, पांढऱ्या पँटचे गुडघे राखेत टेकले आणि हात घातला. फारसं हाताला लागत नव्हतं. जे लागायचं ते उचलताना चुरा व्हायचं. आमच्यात वैर मरणाबरोबर संपतं म्हणतात. मी तिथं उभी राहून मनात चाचपून पाहिलं. माझं संपलं नव्हतं.

"ही बाजू ऱ्हायली, साहेब," दाजी म्हणाले. तो त्या बाजूला सरकला. ऊन चढत होतं, त्याची ओपीडी खोळंबली होती, आणि आम्हाला कुणालाच घाई नव्हती.